बीगलबोन ब्लॅक जिनिंगमध्ये एक पूर्ण हंगाम: कर्नल आणि ड्रायव्हर सांभाळण्याचा अनुभव

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये दसऱ्याच्या सुमारास आम्ही चार बीगलबोन ब्लॅक (लिनक्स चालवणारे छोटे संगणक-बोर्ड) बसवले. कापसाचा हंगाम आटोपला, आता मृग तोंडावर आलाय, म्हणून निवांत लिहायला बसलो. बोर्ड किती वेगवान आहे, व्हिडिओ चालतो का, हे यात सापडणार नाही. शेतातल्या-कारखान्यातल्या कामाला लावलेल्या बोर्डाचं कर्नल (हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा) महिनोन्‌महिने स्वतः सांभाळायला काय लागतं, त्याबद्दल हे आहे. बोर्ड घेताना हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि पुढची सगळी वर्षं मात्र त्याच्यावरच अवलंबून असतात.

आधी काम काय ते सांगतो. प्रत्येक बोर्ड पत्र्याच्या डब्यात आहे. आरएस-४८५ (लांबच्या यंत्रांशी बोलायची सिरियल पद्धत) च्या तारेवरून तो मोटारींचे एनर्जी मीटर वाचतो. कापसाच्या गंजीत लांब सळईच्या टोकाला तापमानाचे सेन्सर खुपसलेत, तेही वाचतो. तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की भोंगा वाजवतो आणि ४जी डोंगलवरून निरोप पाठवतो. गंजीने आतून ऊब धरली तर वरून पत्ता लागत नाही, आणि धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून डबा बंद पडणं ही आमच्यासाठी साधी गोष्ट नाही. शेतकऱ्यांचा वर्षभराचा माल त्या आवारात पडलेला असतो.

बोर्ड जुना आहे. २०१३ साली आलेला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम३३५८ चिप, १ गिगाहर्ट्‌झचा एकच कोर, ५१२ एमबी रॅम, रेव्ह सी या आवृत्तीत ४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरचीच साठवण). तेवढ्याच पैशात चार कोरचे बोर्ड मिळतात, मग हाच का, असं मालकांनीही विचारलं होतं. उत्तर एकच: याचा आधार मूळ लिनक्स कर्नलमध्येच आहे. कर्नल डॉट ऑर्गवरून कोरं कर्नल उतरवा, ओमॅप२प्लस डेफकॉन्फिग (या चिपांसाठी कर्नलमध्येच असलेली तयार निवड) घ्या, एएम३३५एक्स-बोनब्लॅकची डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) बनवा, बोर्ड उठतो. इथरनेट, ईएमएमसी, वॉचडॉग (अडकलेला बोर्ड आपोआप परत चालू करणारा), आयटूसी (छोट्या चिपा जोडायची तार), सगळ्यांचे ड्रायव्हर, म्हणजे एकेक भाग चालवणारा कोड, तिथेच आहेत. यासाठी कुणा कंपनीच्या मेहरबानीची गरज नाही.

याआधी दुसरा एक बोर्ड वापरला होता, कागदावर कितीतरी दमदार. पण त्याच्यासोबत आलेलं कर्नल ४.९ चं होतं, त्यावर विक्रेत्याचे ढीगभर पॅच (कोडमधले बदल), आणि वाय-फायचा ड्रायव्हर वेगळ्याच फोल्डरमध्ये. ४.९ ची देखभाल जानेवारी २०२३ मध्ये संपली. तेच पॅच नव्या कर्नलवर चढवायचे म्हणजे ज्याने ते लिहिले त्याचं डोकं उसनं आणावं लागतं. तो बोर्ड आजही चालतो, पण त्याला मी नेटला जोडत नाही.

आता मुख्य मुद्दा, कॉन्फिगचा, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं त्या यादीचा. बहुतेक जण मेन्यूकॉन्फिग (निवडीचा मेन्यू) उघडतात, हवं ते निवडतात आणि तयार झालेली हजारो ओळींची फाइल जपून ठेवतात. वर्षभराने त्यातली कोणती ओळ आपण बदलली आणि कोणती आपोआप आली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मी पूर्ण फाइल ठेवतच नाही. पाया ओमॅप२प्लस डेफकॉन्फिगचा, आणि वर आपला छोटा तुकडा, ज्याला फ्रॅगमेंट म्हणतात. कर्नलच्याच स्क्रिप्ट्समध्ये मर्ज-कॉन्फिग नावाची स्क्रिप्ट आहे, ती दोन्ही जोडते. माझ्या तुकड्यात प्रत्येक ओळीच्या डोक्यावर कारण लिहिलेलं असतं. ‘सीएच३४१: धरमकाट्याची केबल’. ‘ऑप्शन आणि सीडीसी-इथर: ४जी डोंगल’. ‘डब्ल्यू१-जीपीआयओ: गंजीचे सेन्सर’. उद्या धरमकाटा बदलला तर कोणती ओळ काढायची ते कोणालाही कळेल.

मेक लोकलमॉडकॉन्फिग हा सोपा रस्ता बरेच जण सुचवतात. त्या क्षणी जे मॉड्यूल (कर्नलमध्ये गरजेला चढवायचे तुकडे) चालू आहेत तेवढेच तो ठेवतो आणि बाकीचे काढतो. टेबलावर ठीक आहे. पण डोंगल लावलेला नसताना चालवला तर डोंगलचा ड्रायव्हर गेला, आणि ते कळणार जिनिंगमध्ये गेल्यावर. कारखान्यात लावायच्या बोर्डासाठी मी तो वापरू नका असंच सांगेन.

आम्ही सुरुवात कर्नल ६.१ वर केली, कारण डेबियन १२ या लिनक्ससोबत तेच येतं. गुढीपाडव्यानंतर आवक मंदावली तेव्हा चारही बोर्ड ६.१२ वर नेले. त्याआधी संक्रांतीपासून एक बोर्ड टेबलावर ६.१२ वर चालवत होतो. अशी उडी का मारावी लागते, तर एलटीएस (दीर्घकाळ देखभाल मिळणाऱ्या) कर्नलची मुदत सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणायचं २०२३ मध्ये जाहीर झालं. काही आवृत्त्यांना वाढीव मुदत मिळते, पण तिच्या भरवशावर बसता येत नाही. दर दोन-तीन वर्षांनी ही उडी मारायचीच, असं धरून मांडणी करावी.

या उडीत सगळ्यात धोक्याचं काय असेल, तर मेक ओल्डडेफकॉन्फिगचं (जुनी कॉन्फिग नव्या कर्नलला जुळवून घेणाऱ्या आज्ञेचं) मौन. नवे पर्याय आले तर ठरलेलं उत्तर घेतो, जुना पर्याय नाहीसा झाला तर गुपचूप गाळतो. उदाहरण वाय-फायचं घ्या. एका बोर्डाला आरटीएल८१८८ईयू चा छोटा यूएसबी डोंगल आहे. त्याचा ६.१ मधला ड्रायव्हर स्टेजिंगमध्ये (अजून कच्च्या ड्रायव्हरांच्या विभागात) आर८१८८ईयू या नावाने होता. ६.३ मध्ये तो काढला गेला आणि काम आरटीएल८एक्सएक्सएक्सयू या ड्रायव्हरकडे आलं. जुनी ओळ तशीच पुढे नेली तर बांधणी अगदी सुरळीत पार पडते, एकही चूक दिसत नाही आणि वाय-फाय मात्र नसतं. मर्ज-कॉन्फिगची स्क्रिप्ट याबाबत प्रामाणिक आहे. मागितलेली किंमत शेवटच्या फाइलमध्ये नाही, अशी ओळ ती छापते. पण फक्त छापते, थांबत नाही. माझ्या बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ दिसली की काम तिथेच थांबतं. हा एवढा एक बदल प्रत्येकाने करावा. सोबत मेक लिस्टन्यूकॉन्फिग आणि डिफकॉन्फिग ही दोन हत्यारं आहेत. पहिलं नवे पर्याय दाखवतं, दुसरं दोन फाइलींमधला फरक. चहा घेत बसून ती यादी एकदा वाचून काढायची, दुसरा उपाय नाही.

बांधणीची वाटही ६.५ पासून बदलली आहे. ३२ बिट आर्मच्या डिव्हाइस ट्री आता कंपन्यांप्रमाणे वेगळ्या फोल्डरमध्ये गेल्या, आपली टीआय मधल्या ओमॅपमध्ये. जुन्या जागेवरून डीटीबी (बांधून तयार झालेली डिव्हाइस ट्री) उचलणारी स्क्रिप्ट असेल तर तेवढी दुरुस्त करा.

सिरियल पोर्टवर थोडं थांबतो, कारण आरएस-४८५ चं काम करणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार. चिपमध्ये सहा यूएआरटी (सिरियल पोर्ट) आहेत. आम्ही क्रमांक ४ चा वापरतो, पी९ हेडरच्या (बोर्डावरच्या पिनांच्या एका पट्टीच्या) ११ आणि १३ नंबरच्या पिनांवर. कर्नलमध्ये ८२५० (सिरियल पोर्टच्या ड्रायव्हरचं नाव) पोर्ट किती, याचे दोन आकडे असतात: एक कमाल, एक चालू करताना धरायचा. त्यांचं मूळ उत्तर ४ आहे. ओमॅप२प्लसच्या पायात ते वाढवलेले आहेत, पण कोणी दुसऱ्या पायावरून कर्नल बारीक करत आणलं की ते ४ वर येतात. क्रमांक ० पासून मोजतात, म्हणजे ३ वर यादी संपली. टीटीवायएस४ (क्रमांक ४ च्या पोर्टचं लिनक्समधलं नाव) नावाचं काही दिसतच नाही. माणूस तारा तपासतो, मीटर तपासतो, ए-बी उलटसुलट करून बघतो, आणि दोष कॉन्फिगमधल्या एका आकड्यात असतो. माझ्या तुकड्यात दोन्ही आकडे स्पष्ट ६ लिहिलेत, पाया काहीही असो. तारेवर पाठवायचं की ऐकायचं ही दिशा बदलण्याचं काम ८२५०-ओमॅप ड्रायव्हरवर सोपवता येतं. डिव्हाइस ट्रीमध्ये आरएस-४८५ बूटपासून चालू अशी खूण आणि आरटीएसचा (दिशा बदलणारा) जीपीआयओ, म्हणजे प्रोग्रामने चालू-बंद करायची पिन, दिला की पायथनच्या प्रोग्रामला त्यात पडावं लागत नाही. आणि ट्रान्सीव्हर (बोर्ड आणि आरएस-४८५ ची तार यांच्यामधली चिप) ३.३ व्होल्टचा घ्या, मॅक्स३४८५ किंवा तसाच. या बोर्डाच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत, आणि बाजारात सहज मिळणारं मॅक्स४८५ चं मॉड्यूल ५ व्होल्टचं असतं.

घड्याळाचाही असाच प्रश्न. बोर्डावर बॅटरीचं घड्याळ नाही. आमच्याकडे लाइट जाणं हा रोजचाच प्रकार, त्यात टॉवरही झोपतो. उठलेल्या बोर्डाची तारीख चुकलेली असली की सर्व्हरचं प्रमाणपत्र अवैध ठरतं आणि निरोप जात नाही. डीएस३२३१ चं मॉड्यूल सीआर२०३२ सेलसह आयटूसीवर लावलं. ड्रायव्हरचं नाव आरटीसी-डीएस१३०७, नावावर जाऊ नका, त्यात ३२३१ ही येतो. पण चिपच्या आतलं घड्याळ आधी आरटीसी० (पहिलं घड्याळ) होऊन बसतं आणि कर्नल वेळ तिथूनच घेतं. डिव्हाइस ट्रीच्या अलियासमध्ये (टोपणनावांच्या यादीत) आरटीसी० म्हणजे डीएस३२३१ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. हे केल्यापासून लाइट किती का वेळ जाईना, नोंदींची तारीख चुकलेली नाही.

गंजीतले सेन्सर डीएस१८बी२० चे. ८५ अंश हा आकडा दिसला तर घाबरून भोंगा वाजवू नका. वीज मिळाल्यावर मोजमाप होण्याआधी त्या चिपमध्ये तोच आकडा असतो. लांब तार आणि सैल जोड असला की तो मधूनच डोकावतो. आम्ही नेमका ८५ आला तर पुन्हा वाचतो, मगच पुढे जातो.

भोंग्याची गोष्ट जीपीआयओच्या क्रमांकाची. पी९ ची १२ नंबरची पिन म्हणजे जुन्या सिसएफएस (फाइलींतून पिन चालवायच्या) पद्धतीत ६० क्रमांक, सगळीकडे असंच लिहिलेलं सापडतं. नव्या कर्नलमध्ये हे क्रमांक ५१२ पासून पुढे जातात, आणि चार जीपीआयओ चिपा कोणत्या क्रमाने जाग्या होतात त्यावरही फरक पडतो. म्हणून क्रमांक कुठेच लिहायचा नाही. मी भोंगा डिव्हाइस ट्रीमध्ये जीपीआयओ-एलईडी म्हणून जाहीर केला आणि त्याला ‘भोंगा’ अर्थाचं नाव दिलं. ६.१ वर आणि ६.१२ वर प्रोग्राम एकच, एक अक्षर बदललं नाही. ज्या गोष्टीवर माणसं विसंबून आहेत तिला क्रमांकावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

ऊन आणि लाइट. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पत्र्याचा डबा तापतो. डब्यातही एक डीएस१८बी२० ठेवलाय आणि बोर्ड ६०० मेगाहर्ट्‌झवर बांधून ठेवलाय, कामाला तेवढं पुष्कळ होतं. लाइटच्या झटक्यांसाठी रूट फाइलसिस्टिम (मूळ प्रणालीच्या फाइली) फक्त वाचण्यापुरती, वर ओव्हरलेएफएस (बदल वेगळे धरणारा थर), नोंदी वेगळ्या विभाजनात. वॉचडॉगचा ओमॅप ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला, मॉड्यूल म्हणून नाही. मधल्या काळात लाइटच्या झटक्यांनी एकही बोर्ड खराब झालेला नाही.

गावाकडून काम करणाऱ्यांसाठी डेटाचं सांगतो. कर्नलचा सगळा गिट इतिहास उतरवायच्या भानगडीत पडू नका, कित्येक जीबी आहे. एकदा टारबॉल (कोडची एकत्र बांधलेली फाइल) घ्या, नंतर कर्नल डॉट ऑर्गवर प्रत्येक किरकोळ आवृत्तीचा पुढचा पॅच वेगळा मिळतो. तो मोबाइलच्या रोजच्या डेटात सहज बसतो. सोबत सीकॅश (आधी बांधलेलं जपून ठेवणारा प्रोग्राम) लावा, दुसऱ्यांदा बांधायला फार वेळ लागत नाही.

बोर्डात कमी काय, तर यूएसबी होस्ट एकच, त्यामुळे डोंगल आणि धरमकाट्यासाठी स्वतःची वीज असलेला हब लागतो. वाय-फाय नाही. ५१२ एमबीत डेटाबेस आणि वेब पान दोन्ही बसवताना हात आखडता घ्यावा लागतो. ब्राउझर किंवा कॅमेऱ्याचं काम असेल तर हा बोर्ड घेऊ नका.

एक सोय मात्र मनापासून आवडली. एसडी कार्ड घालून एस२ बटण दाबून धरायचं आणि वीज द्यायची, की बोर्ड ईएमएमसी सोडून कार्डावरून उठतो. प्रत्येक डब्यात आधीच्या, पारखलेल्या कर्नलचं कार्ड पाकिटात ठेवलंय. नवं कर्नल टाकल्यानंतर एका रात्री ऑपरेटर काकांचा फोन आला, “भाऊ, लाइट आली, पण डब्बा काही बोलून नाही राह्यला.” म्हटलं, “काका, पाकिटातलं कार्ड घाला, बटण दाबून धरा अन् मंग पिन लावा.” थोड्या वेळात मीटरचे आकडे यायला लागले. मला रात्री गाडी काढावी लागली नाही, आणि गंजीवरची नजरही सुटली नाही. सकाळी सिरियल केबल लावून बघितलं तर डोंगलचा हब सैल होता, कर्नल ठीक होतं.

आता पावसाळ्यात एक बोर्ड परत टेबलावर येतोय, ६.१२ चे साचलेले पॅच चढवायला. पोळ्यापर्यंत चारही डबे तयार ठेवायचेत. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या लागल्या की जिनिंगवाले त्यांना हात लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.