हाताने गुंफलेली मोत्यांची नथ: वीण उत्तम, दाब जरा कडक

एकटीने काम करणाऱ्या कारागीर बाईंची ही ब्राह्मणी नथ ९२५ चांदीची (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध), वर सोन्याचा मुलामा. गोड्या पाण्यातले मोती ०.३ मिलिमीटरच्या तारेत ओवलेत. मोत्याच्या भोकातून तार दोनदा फिरवली आहे, त्यामुळे मोती जागचे हलत नाहीत. खरं कसब मागच्या बाजूला दिसतं: तारेची टोकं मोत्यांखाली दडवलेली, नाकाला कुठेच टोचत नाहीत. स्वस्त नथींत मोती नुसते चिकटवतात, मग घामाने ते सुटतात.

दाब, म्हणजे नथ नाकावर चिमटून धरणारा भाग, मात्र कडक आहे. घरी वाकवू नका. चांदी वारंवार वाकवली की ठिसूळ होऊन तुटते. बाईंकडूनच सैल करून घ्या. अत्तर आधी, नथ शेवटी. चांदी उजळायचं द्रावण तर मोत्यांना अजिबात लागू देऊ नका, झळाळी कायमची जाते.