सर्वांत उंच की ठरलेल्या उंचीवर? रॉकेट क्लबची स्पर्धा भरवण्याआधी

रॉकेट क्लबात उंचीची स्पर्धा घ्यायची ठरली की बहुतेक जण एक नियम विचार न करताच लिहून टाकतात: ज्याचं रॉकेट सर्वांत वर जाईल तो पहिला. दुसराही एक प्रकार आहे. उंची आधीच ठरवून द्यायची, समजा ४० मीटर, आणि त्या आकड्याच्या सर्वांत जवळ जाईल तो पहिला. नागपुरात शाळा-कॉलेजच्या मुलांबरोबर मी दोन्ही प्रकार घेतले आहेत. जास्त मुलं यावीत आणि आलेली पुढच्या वर्षी परत यावीत, हा तुमचा हेतू असेल तर मी दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. मात्र त्याला मोजमापाची एक अट आहे. ती पाळता येणार नसेल तर पहिलाच प्रकार बरा.

इथे रॉकेट म्हणजे पाण्याचं रॉकेट. दोन लिटरची सोड्याची बाटली, तिला पंखे (उड्डाण सरळ ठेवणाऱ्या पात्या), तोंडाशी पाणी, आत सायकलच्या पंपाने भरलेली हवा. दरवर्षी कुणी तरी विचारतंच, "सर, फटाक्याची दारू काढून भरली तर?" नाही म्हणजे नाही. दारू भरलेलं इंजिन हे स्फोटक आहे. त्याला १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम लागू होतात, आणि ते राबवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. कॉलेजच्या मुलांना खऱ्या इंजिनाची ओढ असेल तर त्यांनी इन-स्पेस या सरकारी अंतराळ संस्थेच्या विद्यार्थी स्पर्धेसारख्या अधिकृत वाटेनेच जावं. बाटलीला कमी लेखू नका, हे मात्र मुलांना जरूर सांगा. भारताचं पहिलं स्वदेशी संशोधन रॉकेट, १९६७ सालचं आरएच-७५, अवघ्या ७५ मिलिमीटर व्यासाचं होतं. आपली दोन लिटरची बाटली त्याहून जाड आहे.

सर्वांत उंच: समजायला सोपं, टिकायला अवघड

या प्रकाराची ताकद मान्य केलीच पाहिजे. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आजोबांनाही नियम समजावून सांगावा लागत नाही. रॉकेट सुटलं की सगळ्यांच्या माना वर. पहिल्या वर्षी गर्दी जमवायची असेल तर याच्याइतकं दुसरं काही चालत नाही.

अडचण दुसऱ्या वर्षी सुरू होते. आमच्याकडे पहिल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या पोरांचा एक संघ उतरला होता. दोन बाटल्या जोडलेल्या, टोक घासून गुळगुळीत केलेलं, पंखे बारीक आणि तिरके कापलेले. काम खरोखर सुंदर होतं. ते इतके पुढे राहिले की तिसऱ्या फेरीत बाकीच्यांनी पंप मारायचा कंटाळा केला. पुढच्या वर्षी शाळांचे निम्म्याहून जास्त संघ आलेच नाहीत. एका सरांना फोन केला तर म्हणाले, "पोट्टे म्हणतात, जिंकणारे ठरलेलेच आहेत, काहून जायचं?" त्यात मुलांची काही चूक नव्हती. चूक नियमाची होती.

याहून गंभीर गोष्ट दाबाची. उंचीच जिंकवणार असेल तर प्रत्येकाचा हात पंपावर जरा जास्त चालतो. ६० पीएसआयवर (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) ठीक चाललेली बाटली पोरं ८० वर नेतात, मग ९० वर. बाटली प्रत्येक उड्डाणात थोडी थकते. तळाशी पांढुरक्या रेषा दिसायला लागतात, ती बाटली तिथेच बाद करावी लागते. पंप मारणारा मुलगा तिच्यापासून हातभर अंतरावर असतो, हे विसरून चालत नाही.

म्हणून हाच प्रकार घ्यायचा असेल तर सगळ्यांची ताकद सारखी करा. परदेशातले छंद क्लब हेच करतात. त्यांच्याकडे तयार इंजिनांचे वर्ग ठरलेले असतात: ए वर्ग अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत (हे इंजिनाच्या एकूण रेट्याचं माप), बी पाचपर्यंत, सी दहापर्यंत, प्रत्येक अक्षरामागे दुप्पट. ए वर्गाचं रॉकेट ए वर्गाशीच भिडतं. आपल्याकडे त्याचा अर्थ एकच बाटली, न जोडलेली, दाब ५० पीएसआय, आणि पंप व दाबमापक क्लबचा. मग फरक पडतो तो पाण्याच्या मापाचा, पंख्यांचा आणि वजनाचा. शाळेची मुलं वेगळ्या गटात, कॉलेजची वेगळ्या. एवढं केलं तर हा प्रकार पुष्कळ सुधारतो.

ठरलेली उंची: दुसरं उड्डाण पहिल्यापेक्षा महत्त्वाचं

अमेरिकेत शाळकरी मुलांची एक मोठी राष्ट्रीय स्पर्धा २००३ पासून याच तत्त्वावर चालते. रॉकेटने कच्चं अंडं घेऊन ठरलेल्या उंचीपर्यंत जायचं, ठरलेल्या वेळात खाली यायचं, अंडं फुटू द्यायचं नाही. जितका फरक तितके गुण, आणि कमीत कमी गुणवाला जिंकतो.

आपल्याकडे अंडं नको, पण तत्त्व घ्या. मुलांच्या वागण्यात पडणारा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. मागच्या खेपेला सातवीतली एक मुलगी शाळेची जुनी वही घेऊन आली होती. वहीत तीन रकाने: पाणी, कणिक, उंची. कणिक म्हणजे टोकात भरायचा वजनाचा गोळा, घरून डब्यात आणलेला. पहिलं उड्डाण ३३ मीटर. तिने गोळ्याचा तुकडा तोडला नाही, उलट वाढवला. शेजारचे हसले. पुढचं उड्डाण ३८ गेलं. हलकं रॉकेट नेहमी जास्तच वर जातं असं नाही. पाणी संपल्यावर फार हलकी बाटली हवेत लगेच मंदावते, थर्माकोलचा गोळा फेकल्यासारखी. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने आदल्या रविवारी गच्चीवरून गोळे फेकून पाहिले होते. तिसऱ्या उड्डाणानंतर धावत आली आणि म्हणाली, "सर, ४१ गेलं! पण चाळीसच पायजे होतं ना?" त्या दिवशी तिचा संघ दुसरा आला, आणि यंदा ती चार मैत्रिणी घेऊन आली आहे.

नवख्यांना हा प्रकार झेपतो, कारण ४० मीटर साध्या बाटलीलाही जमण्यासारखं आहे. भारी सामानाचा फायदा इथे जवळजवळ संपतो. उपयोगी पडतं ते सारखं सारखं करून पाहणं आणि लिहून ठेवणं. तेच पाणी, तोच दाब, तेच वजन ठेवून दोनदा सोडलं आणि दोन्ही वेळा उंची जवळपास सारखी आली, तर त्या मुलाला रॉकेट कळलं असं मी मानतो.

दाबाची हावही आपोआप थांबते. जास्त हवा भरली तर हरायचंच.

उणिवाही आहेत. बघणाऱ्यांना मजा कमी येते. रॉकेट ५५ मीटर गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते शेवटून दुसरं आलं, हे पालकांना समजावता समजावता सकाळ जाते. यावर एक उपाय आम्हाला लागू पडला: मैदानावर फळा लावा आणि प्रत्येक उड्डाणानंतर उंची नव्हे, "चाळिसापासून किती दूर" एवढंच लिहा. दुसरी उणीव नशिबाची. एकाच उड्डाणावर निकाल लावला तर कुणाचंही लागून जातं. म्हणून तीन उड्डाणं द्या आणि त्यांतल्या चांगल्या दोनच्या फरकांची बेरीज धरा.

मोजमाप: इथे निर्णय फिरू शकतो

सर्वांत उंच प्रकारात पहिल्या-दुसऱ्यात दहा मीटरचं अंतर असेल तर मापात दोन-तीन मीटरची चूक खपून जाते. ठरलेल्या उंचीत पहिला अन् दुसरा एकेका मीटरने वेगळे होतात. तिथे माप ढिलं असलं तर स्पर्धाच खोटी ठरते, आणि मुलांना ते लगेच कळतं.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कोनमापक, दोरा आणि नट. रॉकेटपासून ५० मीटरवर उभं राहायचं, सर्वोच्च बिंदूचा कोन वाचायचा, ५० ला त्याच्या टॅन्जंटने गुणायचं आणि डोळ्यांची उंची मिळवायची. कोन ४५ अंशांच्या आसपास असेल तर एका अंशाची चूक पावणेदोन मीटरची पडते. ६० अंशांवर तीच साडेतीन मीटरच्या घरात जाते. म्हणून मोजणाऱ्याला जवळ उभं करू नका.

खरा घोळ वाऱ्याने होतो. समजा रॉकेट खरोखर ५० मीटर गेलं, पण वर जाताना मोजणाऱ्याच्या दिशेने १० मीटर सरकलं. त्याला कोन मोठा दिसतो आणि हिशोब येतो साडेबासष्ट मीटर. साडेबारा मीटर नुसते हवेतले! याला तोड म्हणजे दोन मोजणारे, लॉन्चरच्या (रॉकेट सोडायच्या स्टँडच्या) दोन बाजूंना ५०-५० मीटरवर, वाऱ्याच्या दिशेला धरून एका रेषेत. दोन्ही कोनांच्या कोटॅन्जंटची (१ भागिले टॅन्जंट) बेरीज करायची आणि १०० ला तिने भागायचं. वरच्याच उदाहरणात कोटॅन्जंट ०.८ आणि १.२ येतात, बेरीज दोन, उत्तर बरोबर ५०. दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती कशासाठी शिकायची हे पुन्हा सांगावं लागत नाही. आम्ही मोजायचं काम मुद्दाम रॉकेट न बनवलेल्या मुलांना देतो. पुढच्या वर्षी तीच मुलं संघ घेऊन येतात.

दुसरा मार्ग हवेच्या दाबाचा सेन्सर. बीएमपी-२८० सारखी चकती बोटाच्या नखाएवढी असते आणि उंचीतला फरक मीटरभराच्या आत-बाहेर दाखवते. पण तिला छोटा नियंत्रक, बॅटरी आणि बारीक भोकं पाडलेला कप्पा लागतो. पॅराशूट उघडलं नाही तर सगळंच जमिनीवर आपटतं. संघागणिक सेन्सर मागितलात तर महापालिकेच्या शाळांचे संघ गळतील. घ्यायचाच असेल तर क्लबचा एकच घ्या, सारख्या वजनाच्या डबीत बसवा आणि प्रत्येक रॉकेटला तीच डबी लावा.

मग काय ठरवाल

पहिलंच वर्ष आहे, हाताशी दोन-तीनच मोठी माणसं आहेत आणि मोजणारे तयार नाहीत: सर्वांत उंच घ्या, पण एक बाटली आणि एक दाब या नियमासह. सगळे संघ कॉलेजचे असतील तरी हेच चालेल, त्यांना त्यातच रंगत वाटते.

शाळांचे संघ असतील आणि दोन रविवार मोजणाऱ्यांच्या सरावाला देता येत असतील, तर ठरलेली उंची घ्या. आकडा ३५ ते ४५ मीटरमधला ठेवा आणि स्पर्धेच्या सकाळीच जाहीर करा. आधीच सांगितला तर एकच जमलेलं माप घोकून येतात. त्या सकाळी वही उघडून हिशोब करणारी मुलं बघायला मला फार आवडतं.

दोन्ही प्रकारांत काही गोष्टी सारख्याच लागतात. मैदानावर एक टेबल ठेवा: रिकाम्या सोड्याच्या बाटल्या, सनपॅकचे (पोकळ प्लास्टिक शीटचे) तुकडे, टेप, कात्री. भावाबरोबर नुसतं बघायला आलेलं पोरही तासाभरात रॉकेट करून रांगेत उभं राहतं. साध्या पाण्याच्या बाटल्या चालत नाहीत, त्या दाबाला टिकत नाहीत. बाटल्या सावलीत ठेवा. रॉकेट सोडायची दोरी दहा मीटर लांबून ओढायची, डोळ्यांना संरक्षक चष्मा. प्रत्येक बाटलीवर तिची उंची मार्करने लिहून ती मुलाला घरी न्यायला द्या. बक्षिसाच्या कपापेक्षा ती बाटली घरात जास्त दिवस राहते.

तारीख नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, वेळ सकाळी सात ते नऊ, वारा उठायच्या आत. संक्रांतीच्या आगेमागे मात्र नको: आकाशात पतंग, झाडांवर मांजा, आणि पॅराशूट त्यातच जाऊन अडकतं. मैदान सोनेगावच्या विमानतळापासून लांबचं बघा आणि मालकाची परवानगी लेखी घ्या. मोजणाऱ्यांची ५०-५० मीटरची रेषा बसते का, ते पावलांनी मोजून आलात की मगच शाळांना पत्र पाठवा.