डॅनम व्हॅली की किनाबातांगान? पोराबाळांसह बोर्निओच्या जंगलात

अस्सल वर्षावन हवं तर मलेशियाच्या साबा राज्यातली डॅनम व्हॅली. लाहाद दातू या शहरातून दोनेक तास खडीचा रस्ता, मग ४३८ चौरस किलोमीटर जवळपास अस्पर्श जंगल. पण इथे भटकंती बहुतेक पायी. चिखल, चढ आणि जळवा! गुडघ्यापर्यंत जाड कापडी मोजे चढवले तरी एखादी मानेवर सापडतेच. पाच वर्षांचं पोर तासाभरात कडेवर येणार. शिवाय खर्च दणदणीत.

दुसरा पर्याय सुकाऊ गावाचा: तिथे किनाबातांगान नदीकाठी जंगलाचा पट्टाच उरलाय, मागे पाम तेलाचे मळे. तरी होडीत बसल्या बसल्या लांबनाकी माकडं, धनेश, नशिबात असेल तर ठेंगणे हत्ती दिसतात. आजी-आजोबा सोबत असतील तर मी डोळे झाकून सुकाऊच निवडेन. ओरांगउटान हुकलाच, तर सांदाकान शहरात परतताना सेपिलोकचं पुनर्वसन केंद्र आहेच.