फोर्कलिफ्ट स्टार्ट होत नव्हती, म्हणून चांगला रेग्युलेटर काढून नेला आणि रंग मारलेला जुना बसवून गेला

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच, कारण परवा ओळखीतल्या एकाचा फोन आला आणि त्याच्या मेकॅनिकनेही त्याला माझ्या मेकॅनिकसारखंच ऐकवलंय, "रेग्युलेटर गेलाय, अख्खा बदलावा लागेल." (रेग्युलेटर म्हणजे लिक्विड गॅसची वाफ करून इंजिनला देणारा भाग.) प्रोपेनवर चालणारी फोर्कलिफ्ट ज्यांच्याकडे आहे त्यांनी कृपया पूर्ण वाचा.

झालं असं की सकाळी ऑपरेटरने चावी मारली, सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन काही पकडत नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत गाडी मस्त चालली होती आणि सिलिंडरही भरलेलाच होता. आम्ही आमच्या परीने बघितलं, सिलिंडर आडवा ठेवताना ती पिन त्याच्या भोकात नीट बसलीये ना (ती चुकली आणि सिलिंडर फिरून बसला तर आतली नळी लिक्विडच्या बाहेर राहते), मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून थोडं थांबून परत अगदी हळू उघडला, कारण झटक्यात उघडला की आतला सेफ्टी व्हॉल्व्ह लाइन फुटली असं समजून गॅस अडवतो. तरी नाही. मग मी इंजिनचे तीन-चार फोटो काढून मेकॅनिकला पाठवले. हे फोटो लक्षात ठेवा.

तो दुपारी आला. एक प्लग काढून स्पार्क दाखवला, चांगला निळा होता, म्हणाला इग्निशन ओके. मग रेग्युलेटरकडे येणारा गॅसचा पाइप सैल केला, मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "साहेब बघा, गॅसच नाहीये इथे. रेग्युलेटर आतून चोक झालाय, रिपेअर किट टाकून पण भागणार नाही." माझ्या डोळ्यांदेखत पाइप सोडलेला, गॅस खरंच येत नव्हता, बाहेर माल चढवायला ट्रक उभा, मी हो म्हणालो.

संध्याकाळी रेग्युलेटर घेऊन आला. काम सुरू करताना मला आणि ऑपरेटरला सांगितलं, गॅसचं काम आहे, रिस्क असते, तुम्ही जरा बाहेर थांबा. आम्ही मुकाट्याने बाहेर. थोड्या वेळाने हाक मारली, चावी मारली, पहिल्याच सेल्फला गाडी चालू. जुना रेग्युलेटर एक्सचेंजमध्ये द्यावा लागतो म्हणून सोबत घेऊन गेला आणि मी बिल देऊन वर त्याचे आभार मानले.

पंधरा दिवसांत नवीन त्रास सुरू. गाडी चालू व्हायची, थोडा वेळ चालायची आणि दम टाकून बंद. बघतो तर रेग्युलेटरवर पांढरा बर्फ साचलेला! यावेळी मी दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी कुठेच हात लावला नाही, फक्त विचारलं, मागच्या वेळी नक्की काय काय केलं ते सांगा. मी तो पाइप दाखवला. ते म्हणाले, "अहो हा तर रेग्युलेटरच्या अलीकडचा पाइप आहे. रेग्युलेटरपर्यंत गॅस पोचलाच नाही तर त्यात रेग्युलेटरचा काय दोष?"

मला बोलताच येईना. इतकी साधी गोष्ट आणि मी समोर उभा राहून बघितली नाही.

त्यांनी मग समजावलं ते सगळ्यांनी समजून घ्या. सिलिंडरमधून लिक्विड गॅस निघतो, तो आधी लॉक-ऑफ व्हॉल्व्हला येतो, तिथून रेग्युलेटरला, तिथे त्याची वाफ होते आणि ती मिक्सरमधून, म्हणजे हवेत मिसळून, इंजिनात जाते. आमच्या गाडीतला लॉक-ऑफ म्हणजे करंटवर उघडणारा नळ आहे, १२ व्होल्टची कॉईल, आणि सेल्फ फिरत असताना किंवा इंजिन चालू असतानाच त्याला करंट मिळतो. चावी बंद असताना पुढचा पाइप सोडला तर त्यात अडकलेला थोडा गॅस सुटला की पुढे गॅस येणारच नाही, चांगल्या गाडीत पण नाही! म्हणजे त्या माणसाने मला जो पुरावा दाखवला तो कुठल्याही गाडीवर दाखवता येतो.

मग ते लॉक-ऑफची वायर बघत बसले. बाकी सगळ्या वायरी तेलकट, धुळीने काळ्या, आणि या एकाच वायरीला नवीन थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवतात ते धातूचं टोक) आणि चकचकीत टेप. मी मोबाइल काढला, त्या सकाळचे फोटो उघडले, झूम केलं, आणि तिथे होतं, लॉक-ऑफच्या शेजारी वायर सुटून लोंबकळतेय. मीच काढलेला फोटो, मीच त्याला पाठवलेला. बिघाड तेवढाच होता, एक सुटलेली वायर. आम्हाला बाहेर काढून त्याने ती जोडली आणि सोबत माझा चांगला रेग्युलेटर उतरवला.

आणि बसवला तो? नख लावलं तसा चंदेरी रंग पापुद्र्यासारखा निघाला. खाली जुना काळपट थर, स्क्रूच्या खाचा घासून गोल झालेल्या आणि त्या खाचांतही रंग भरलेला, नंबर कोरलेला तो पण रंगाने बुजलेला. आत डायफ्राम (रबरी पडदा) कडक झालेला आणि तळाला काळं तेलकट साचलेलं. बर्फ का, तर रेग्युलेटर बदलताना सांडलेलं कुलंट त्याने परत भरलंच नव्हतं. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, त्याची वाफ करायला रेग्युलेटरला इंजिनच्या गरम कुलंटची ऊब लागते, ती मिळाली नाही की तो गोठतो.

त्यामुळे सेल्फ फिरतोय आणि इंजिन पकडत नाही अशी वेळ आली तर कोणाला रेग्युलेटर काढू देण्याआधी हे करा. एकाला सेल्फ मारायला सांगा आणि लॉक-ऑफजवळ कान द्या, टक् असा आवाज येतो. नाही आला तर त्याच्या वायरीवर टेस्ट लॅम्प लावून परत सेल्फ मारा. लॅम्प लागला आणि टक् नाही तर कॉईल किंवा लॉक-ऑफच गेलाय, लॅम्पच लागला नाही तर फ्यूज, वायर किंवा त्याच्या मागचा स्विच बघा. टक् होतंय तर बऱ्याच रेग्युलेटरला प्रायमरचं, म्हणजे हाताने दाबून गॅस पुढे सोडायचं बटण असतं, ते सेल्फ फिरताना दाबा, सतत फुस्स ऐकू आलं म्हणजे गॅस रेग्युलेटरमधून पुढे येतोय. हे सगळं गाडी उघड्या हवेत ढकलून नेऊन. वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, चावीला हात नाही, प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड आहे, तो खाली खड्ड्यात, गटारात साचून राहतो. आणि स्वतः पाइप अजिबात सोडू नका, आतला लिक्विड हाताला लागला तर त्याच्या थंडीने कातडी जळते. तो माणूस तर बंद शेडमध्ये पाइप सोडत होता, आता आठवलं की अंगावर काटा येतो.

त्याला फोन केला तर आधी म्हणाला वायर तुमच्याच माणसाने हलवली असेल, मग म्हणाला रेग्युलेटर ओरिजिनलच आहे. जुना परत दे म्हटलं तर भंगारात गेला. बिलावर बघितलं तर नुसतं "गॅस रिपेअरिंग", ना पार्ट नंबर ना वॉरंटी, आणि मी ते तेव्हा वाचलंही नव्हतं. आता फोन लागतच नाही.

माझा रेग्युलेटर भंगारात गेला असेल असं मला वाटत नाही. त्याच्या प्रायमर बटणाशेजारी पिवळ्या रंगाचा एक ओघळ आहे, करंगळीएवढा, मास्ट (फोर्कलिफ्टचा पुढचा उभा सांगाडा) रंगवताना पडलेला. कोणी तुम्हाला "थोडाच वापरलेला" म्हणून असा दाखवला तर प्लीज मला कळवा, सोबत त्याचा फोटो पाठवा.