पश्चिमेची गॅलरी, नागपूरचा मे: गुलाब लावावा की मोगरा?

माझ्या मावसबहिणीने बेसा भागात सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाची जेवणं आटोपली तशी ती मला हाताला धरून गॅलरीत घेऊन गेली. "ताई, इथे सात-आठ कुंड्या आरामात बसतात. सगळे गुलाबच लावते, चालेल ना?" गॅलरी पश्चिमेची. समोर ना इमारत, ना झाड. फेब्रुवारी होता म्हणून दुपारी तीन वाजताही तिथे उभं राहवत होतं. मी म्हटलं, मे महिन्यात याच वेळेला या कठड्यावर हात ठेवून बघ, मग गुलाबाचं बोलू.

नर्सरीत गेलं की आपण रंग बघतो, वास बघतो, रोपाला लटकवलेला फोटो बघतो. नागपुरात त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात असं माझं मत आहे. मेमध्ये या झाडाचं काय होणार? आणि मेमध्येच तुम्ही पंधरा दिवस गावाला गेलात तर पाणी कोण घालणार? २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ ला तोच ३.५ वर उतरला होता. झाडाला स्वेटर नाही की कूलर नाही. २०२४ च्या मेअखेर एका स्वयंचलित यंत्राने नागपुरात चक्क ५६ अंश दाखवले. नंतर यंत्रच बिघडलेलं निघालं, पण तोवर आमच्या कॉलनीत कोणालाही तो आकडा खोटा वाटला नव्हता.

बहिणीसमोर पर्याय चार होते: गुलाब, मोगरा, जास्वंद, शेवंती. खरी लढत पहिल्या दोघांची.

गुलाब: हिवाळ्यातला राजा

नागपुरात गुलाबाचे दिवस म्हणजे नोव्हेंबरअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा. या काळात तो असा फुलतो की बाकी कशाकडे बघावंसं वाटत नाही. पण त्यासाठी ऑक्टोबरमध्ये कात्री हातात घ्यावी लागते. पाऊस पूर्ण थांबला, दसरा झाला की छाटणी. चार-पाच जोमदार फांद्या ठेवायच्या, त्याही गुडघ्याच्या खालीच, आणि बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवरच्या अंकुराच्या) जरा वर तिरपा काप घ्यायचा. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची. हे लोक टाळतात आणि मग फांदी वरून खाली काळी पडत येते, त्याला शेंडेमर म्हणतात. छाटणीनंतर साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत पहिला बहर येतो.

आता मे. कळी धरते, पण उमलायच्या आधीच तिच्या पाकळ्यांची कड तपकिरी होते. फूल उमललंच तर सुपारीएवढं, आणि दुपारपर्यंत कागदासारखं वाळून जातं. यात झाडाचा दोष नाही. एप्रिलमध्येच कळ्या खुडून टाकाव्यात, हिरव्या जाळीखाली ठेवावं आणि त्याला जगू द्यावं, फुलं मागू नयेत. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात, पानं पिवळी होऊन गळतात. म्हणजे चार महिने कौतुक, आठ महिने सेवा. ज्यांना सेवेतच आनंद आहे त्यांनी गुलाब जरूर लावावा, मी स्वतः त्यातलीच आहे.

लावायचाच तर जात बघून लावा. एका दांड्यावर एकच मोठं फूल येणारे गुलाब दिसायला देखणे, पण उन्हाला नाजूक. घोसाने फुलणारे, ज्यांना नर्सरीवाले फ्लोरिबंडा म्हणतात, ते जास्त सोसतात. गुलकंदाचा गावठी गुलाबी गुलाब सगळ्यात चिवट, वासाला सगळ्यात सरस. फक्त फुलदाणीत टिकत नाही. बाहेरून येणारी बरीच रोपं लाल मातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली असतात. तो गोळा तसाच कुंडीत ठेवला तर मुळं बाहेर पडतच नाहीत. पाण्यात थोडा वेळ भिजवून कडेची माती हलक्या हाताने सोडवून घ्यायची. आणि डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या जागेच्या खालून जोरात वाढणारी फांदी दिसली की खुश होऊ नका. ती खुंटाची, म्हणजे कलमाखालच्या जंगली गुलाबाची फांदी, बुडातून काढून टाका, नाहीतर दोन वर्षांत तुमचा लाल गुलाब गायब आणि जंगली झुडूप हजर.

मोगरा: जो मेमध्येच फुलतो

इथे गणित उलटं. ज्या उन्हात गुलाब मान टाकतो, त्याच उन्हात मोगऱ्याला कळ्या लागतात. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडलं, कूलर सुरू झाला आणि शेजारच्या कुंडीतून वास आला की नागपूरचा उन्हाळाही सोसवतो. माठात दोन फुलं टाकायची ती याच झाडाची.

पण मोगऱ्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: "नुसती पानंच येतात, फूल एक नाही." कारणं बहुधा दोनच. एक, ऊन कमी. सहा तास तरी थेट ऊन लागतं. दुसरं, छाटणीच केलेली नसते. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते. जुन्या काड्या तशाच ठेवल्या तर फूट येणार कुठून? इथली थंडी ओसरायला लागली, म्हणजे जानेवारीचा शेवट आला, की आधी दहा-बारा दिवस पाणी तोडायचं. मग उरलीसुरली पानं काढायची, झाड निम्म्यावर कापायचं, वरची माती उकरून शेणखत नि मूठभर निंबोळी पेंड घालायची आणि पाणी सुरू करायचं. मार्चमध्ये नव्या फुटीच्या टोकांना हिरव्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या दिसायला लागतात. पहिला बहर उतरला की शेंडे परत चिमटायचे, दुसरा बहर मिळतो. युरियाचा मोह टाळा. त्याने पानं वाढतात आणि आपण परत त्या तक्रारीवर येतो.

त्रास नाही असं नाही. कोरड्या उन्हात पानाखाली लाल कोळी ही बारीक कीड होते. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले की पान उलटून बघा. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला तर बराचसा जातो. कळी पोखरणारी अळीही येते, तेव्हा जांभळट पडलेल्या कळ्या खुडून फेकून द्यायच्या. आणि मोगरा हिवाळ्यात अगदी गरीब दिसतो. डिसेंबरात पाहुणे आले तर त्यांना दाखवायला काही नाही.

जातींमध्ये एकेरी मोगऱ्याचा वास मोकळा आणि फुलं भरपूर. बटमोगऱ्याचं फूल गुंडीसारखं गच्च, गजऱ्याला देखणं, पण संख्येने कमी. गॅलरीसाठी मी एकेरी किंवा दुहेरी सांगेन, बटमोगरा हौसेपुरता एक.

माती आणि पाणी, ज्यावर हे दोन्ही अडतं

आपली काळी माती शेतात सोनं, कुंडीत डोकेदुखी. ती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग तुम्ही पाणी घालता, ते त्या फटीतून सरळ खाली जातं, ताटलीत दिसतं, आणि तुम्हाला वाटतं झाड पोटभर प्यालं. मी एकदा असाच वाळलेला गुलाब उपटला तेव्हा मधला गोळा विटेसारखा कोरडा होता, रोज पाणी घालूनही. तेव्हापासून एक भाग काळी माती, एक भाग रेती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत असं मिसळते. वर तणसाचा (धानाच्या काडाचा) किंवा वाळल्या पाल्याचा दोन बोटं थर. मेमध्ये तो थर नसेल तर सकाळचं पाणी दुपारपर्यंतही पुरत नाही.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची पद्धत घरोघरी आहे. बंद करा. कूलर पाणी हवेत उडवतो आणि क्षार मागे ठेवतो. त्यातून बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका. कुंडीच्या काठावर जी पांढरी साय दिसते ती तीच. गुलाबाला आणि जास्वंदीला याचा त्रास लवकर होतो: पान पिवळं, शिरा हिरव्या. माती आधीच चुनखडीची, त्यात हे पाणी, मग लोह असूनही मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात चिमूटभर हिराकस (लोहाचा क्षार) घालून महिन्यातून एकदा दिलं तर फरक पडतो. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मात्र क्षारांशिवायचं असतं, ते बादलीत धरा आणि बिनधास्त घाला.

काळी प्लॅस्टिकची कुंडी पश्चिमेच्या गॅलरीत ठेवू नका. दुपारी तिला हात लावून बघा, मग मुळांचं काय होत असेल ते कळेल. मातीची कुंडी गार राहते पण लवकर सुकते. मधला मार्ग म्हणजे लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवायची, मधल्या जागेत रेती भरायची आणि ती ओली ठेवायची.

जास्वंद आणि शेवंती

जास्वंदीबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण लाल पाच पाकळ्यांची गावठी जास्वंद ही नागपूरकराच्या हातून सहसा मरत नाही. घरात गणपतीची रोजची पूजा असेल तर प्रश्नच संपला. टेकडी गणपतीला जाताना बाहेरून फूल घेण्यापेक्षा घरचं तोडून न्यावं, सकाळीच, कारण ते एका दिवसाचंच असतं. पावसाळ्यात फांदी खोचली की फुटते. मोठ्या, झालरीच्या, दुरंगी संकरित जास्वंदी दिसतात छान, पण त्या मेमध्ये कळ्या गाळतात आणि रुसून बसतात. शत्रू एकच, पिठ्या ढेकूण. शेंड्यावर पांढरा कापूस आणि खोडावर मुंगळ्यांची ये-जा दिसली की समजायचं. आधी पाण्याने धुवायचं, मग लिटरला पाच मिलि निंबोळी तेल, त्यात साबणाचे दोन थेंब, आणि फवारणी ऊन उतरल्यावर. भर उन्हात फवारलंत तर पानं भाजतात.

शेवंतीचा हिशोब वेगळा. डिसेंबरात नर्सरीत ती फुलांनी लगडलेली दिसते आणि आपण उचलून आणतो. ती कुंडी खरं तर पुष्पगुच्छ समजून घ्यावी. रात्र मोठी व्हायला लागली की ती कळी धरते, आणि त्या रात्रीत उजेड घुसला तर गोंधळते. आमच्या गच्चीसमोर खांबावर पांढरा एलईडी दिवा लागला त्या वर्षी माझ्या शेवंतीच्या एका बाजूला भरघोस फुलं आणि दिव्याकडच्या बाजूला नुसता पाला. पुढच्या वर्षी कुंडी जिन्यामागे सरकवली, मग सरसकट फुलली. वर्षभर टिकवायची तर बहर संपल्यावर बुडाशी कापायची, उन्हाळाभर सावलीत ठेवायची, बुडातून आलेले फुटवे जुलैत वेगळे लावायचे आणि ऑगस्टअखेरपर्यंत दोनदा शेंडे खुडायचे. पावसाचं पाणी कुंडीत साचलं की मुळं सडतात. एवढं करायला वेळ नसेल तर दर हिवाळ्यात नवी आणा.

मग काय घ्यायचं?

पश्चिमेची किंवा दक्षिणेची उघडी गॅलरी, दोघंही नोकरीला, मेमध्ये गावाला जाणं ठरलेलं: मोगरा आणि गावठी जास्वंद, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून. शेजारीही नसेल तर सरळ बोगनवेल. तिला पाणी कमी पडलं तर ती उलट जास्त रंगते, आणि तो रंग फुलांचा नसून फुलाभोवतीच्या पानांचा, म्हणून कडक उन्हातही उतरत नाही. काटे आहेत, लहान मूल असेल तर उंचावर.

पूर्वेची गॅलरी, सकाळचं चार-पाच तास ऊन, दुपारी सावली, घरात कोणीतरी दिवसभर: इथे गुलाबाला हो म्हणा. दोन घोसाचे, एक गावठी. मोगरा इथे थोडा कमी फुलेल.

आणि रोप कधी आणायचं हेही झाडाइतकंच महत्त्वाचं. गुलाब ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जास्वंद पाऊस लागल्यावर, मोगरा फेब्रुवारीत किंवा जूनअखेर. नवतपाच्या, म्हणजे सगळ्यात तापत्या नऊ दिवसांच्या तोंडावर, मेच्या शेवटी, काहीही आणू नका. एका नर्सरीत मी विचारलं होतं, "भाऊ, आत्ता लावला तर राहीन का हा?" तो हसला, "राहीन ना जी, सावलीत ठेवा फक्त." सावलीत तो राहिला. आठ दिवस.

बहिणीने शेवटी मोगऱ्याच्या तीन कुंड्या, लाल जास्वंदीच्या दोन, कोपऱ्यात बोगनवेल घेतली. आणि मी गाडी काढायला गेले तेवढ्यात, कळी धरलेला एक गुलाबी गुलाब. एप्रिलपासून तो स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत आहे, कळ्या ती रोज खुडते आणि रोज मला फोटो पाठवते. ऑक्टोबरात छाटायला मलाच जायचंय, तिच्याकडे कात्री नाही आणि असती तरी तिचा हात चालला नसता.