दहा स्टॉपचा एनडी फिल्टर: कातळकिनाऱ्यावर कितपत उपयोगी?

भर उजेडातही शटर बराच वेळ उघडे ठेवता यावे म्हणून लेन्ससमोर जी गडद काच लावतात, तिच्यातील दहा स्टॉपच्या, म्हणजे एनडी १००० या नावाने मिळणाऱ्या, आट्यांच्या फिल्टरचे हे परीक्षण कातळ, समुद्रातले सुळके आणि लाटांनी कोरलेल्या कमानी टिपणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. दर स्टॉपला प्रकाश निम्मा होत असल्याने दहा स्टॉपला तो मूळच्या १/१०२४ इतकाच उरतो आणि १/३० सेकंदाचे एक्सपोजर (शटर उघडे राहण्याचा वेळ) सुमारे ३४ सेकंदांवर जाते. प्रत्यक्षातल्या काचा या हिशेबापेक्षा थोड्या कमी-जास्त गडद निघतात. म्हणून नवा फिल्टर हाती आल्यावर स्थिर उजेडात, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय, एकेक चित्र घेऊन दोन्हींचे हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील उजेड-अंधाराचे आलेख, ताडून पाहावेत.

लाटा सतत फुटत असताना अर्ध्या मिनिटाचे एक्सपोजर दिले की पाण्याचे धुके होते आणि त्यातून खडक तेवढे वर राहतात. एकाकी सुळक्याला हे शोभते. खाचाखळग्यांनी भरलेल्या कातळावर मात्र चित्राचा प्राण परतणाऱ्या पाण्याच्या ओघळांत असतो आणि ते ओघळ अर्ध्या ते एका सेकंदातच रेषांसारखे उमटतात. त्याहून अधिक वेळ दिला की एकावर एक चढून पुसले जातात. १/६० सेकंदाचे एक्सपोजर सुमारे एका सेकंदावर आणणारा सहा स्टॉपचा फिल्टर येथे सरस ठरतो. दोहोंपैकी एकच घ्यायचा असेल तर मी निःसंकोचपणे सहा स्टॉपचाच सुचवीन, मग दहा स्टॉपची जाहिरात कितीही मोहक असो.

संध्याकाळी तर दहा स्टॉपची काच अडचणीचीच ठरते. सूर्यास्तानंतर फिल्टरशिवायच अर्धा सेकंद लागत असेल, तर फिल्टर लावल्यावर साडेआठ मिनिटे शटर उघडे ठेवावे लागते, आणि कॅमेऱ्यातील लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्सपोजरमुळे चित्रात येणारे दाणे कमी करणारी सोय) चालू असल्यास साधारण तितकाच वेळ त्या प्रक्रियेत जातो. तेवढ्यात आकाशाचा रंग उतरलेला असतो आणि भरतीची वेळ असेल तर पाणीही वर सरकलेले असते.

रंगाच्या बाबतीत अवरक्त किरण न रोखणाऱ्या काचांवर विशेष लक्ष ठेवावे लागते, कारण दृश्य प्रकाश इतका घटल्यावर हे किरण सेन्सरवर तुलनेने जास्त पोहोचतात आणि काळा कातळ तपकिरी दिसू लागतो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या चित्रात, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) बदलून ही छटा बरीच कमी करता येते, पण सावल्यांत ती चिवटपणे उरते. फिरवून गडद करता येणारा फिल्टर हा मला यावरचा पर्याय वाटत नाही: तो दोन ध्रुवीकारक काचांचा असल्याने रुंद कोनाच्या लेन्सवर, पुरता गडद केल्यास, आकाशात फुलीसारखा काळा पट्टा उमटतो.

आट्यांची रचना ही या फिल्टरची सर्वांत त्रासदायक बाजू आहे. एवढ्या गडद काचेतून फोकस करणे अवघड असल्याने चौकट आणि फोकस आधी ठरवून, ऑटोफोकस बंद करून, मगच फिल्टर चढवावा लागतो आणि चौकट बदलायची झाली की पुन्हा तो काढावा लागतो. कडे पितळी असेल तर ॲल्युमिनियमच्या तुलनेत ते आट्यांत कमी अडकते. चुंबकाने बसणारे फिल्टर याहून सोयीचे असले तरी वाऱ्यात, ओल्या बोटांनी हाताळताना ते निसटण्याची धास्ती राहते. आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यात लांब एक्सपोजरच्या वेळी व्ह्यूफाइंडर झाकणेही विसरू नये, नाहीतर मागून शिरलेला उजेड चित्र धुरकट करतो.

खाऱ्या तुषारांपुढे काचेवरचा पाणी झटकणारा थर उपयोगी पडतो, मात्र मीठ वाळल्यावर कोरड्या कापडाने घासल्यास त्याच्या कणांनी ओरखडे पडू शकतात. म्हणून फिल्टर आधी गोड्या पाण्याने धुऊनच पुसावा.