आरसिंकच्या जोरावर बॅकअप स्क्रिप्ट: अवजार पक्कं, पण राखण आपल्याकडेच

लिनक्सवर बॅकअपची शेल स्क्रिप्ट (एकापाठोपाठ चालणाऱ्या कमांडींची फाइल) लिहायला बसलं की टार (फायलींचा एक गठ्ठा बांधणारी कमांड) घ्यायचा की आरसिंक (बदललेल्या फायली तेवढ्या दुसरीकडे कॉपी करणारी कमांड), हा पहिला प्रश्न. सगळ्याची एकच फाइल करून दूर कुठेतरी टाकायची असेल तर टार ठीक आहे. पण त्या गठ्ठ्यातली एक फाइल हवी असली तरी जवळपास अख्खा गठ्ठा वाचावा लागतो, आणि तो कॉम्प्रेस करून ठेवलेला असताना मधेच खराब झाला तर पुढचं सहसा हाती लागत नाही. रोजच्या कामाला आरसिंकच बरा. १९९६ पासूनचं हे अवजार आजही त्याच्या कामात चोख आहे. फक्त त्याचं काम कॉपी करणं आहे, बॅकअप ठेवणं नाही, आणि बहुतेक घोळ इथेच होतात.

त्याची खरी किंमत ‘लिंक-डेस्ट’ या पर्यायात आहे. कालच्या प्रतीचा पत्ता दिला की न बदललेल्या फायली पुन्हा कॉपी होत नाहीत, त्यांना हार्ड लिंक (डिस्कवरच्या त्याच डेटाला आणखी एक नाव) मिळते. रोजचं फोल्डर दिसतं पूर्ण, जागा मात्र बदललेल्या फायलींपुरतीच जाते. पत्ता सापेक्ष दिलात तर तो चालू फोल्डरपासून नव्हे, डेस्टिनेशनपासून मोजला जातो. तो चुकला तर एक इशारा छापून काम पुढे चालू राहतं आणि डिस्क भरेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. सरळ पूर्ण पत्ता द्यावा. एक्सफॅट किंवा फॅटवर हार्ड लिंकच नसतात, त्यामुळे बॅकअपची डिस्क ईएक्सटी४ सारख्या फाइल सिस्टिमवर फॉरमॅट केलेली हवी. फाइलचं नाव बदललं की ती नवीच समजली जाते. आणि तीस दिवसांची तीस फोल्डरं म्हणजे तीस प्रती नव्हेत: न बदललेल्या फाइलचा डेटा डिस्कवर एकदाच असतो, तो बिघडला तर तिसांतही बिघडलेलाच. दुसरी डिस्क लागतेच.

पर्यायांत छोट्या लिपीतला ‘ए’ दिला म्हणजे सगळं आलं असा समज आहे. त्यात मूळच्या हार्ड लिंक, एसीएल (परवानग्यांची जादा यादी) आणि एक्सटेंडेड अॅट्रिब्यूट (फाइलला जोडलेली जादा माहिती) येत नाहीत. त्यासाठी मोठ्या लिपीतले एच, ए, एक्स वेगळे द्यावे लागतात. सोर्सच्या शेवटी स्लॅश असेल तर आतला माल जातो, नसेल तर फोल्डरसकट जातो. हे ठाऊक असूनही माणसं इथे फसतात, म्हणून आधी ‘ड्राय-रन’, म्हणजे काहीही न बदलता नुसती रंगीत तालीम.

सोर्समध्ये नसलेल्या फायली डेस्टिनेशनमधून पुसणारा ‘डिलीट’ हा पर्याय मात्र धारदार आहे. सोर्सची डिस्क माउंट झालेली (सिस्टिमने जोडून घेतलेली) नसेल तर तिच्या जागी रिकामं फोल्डर दिसतं. आरसिंकच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही, तो डेस्टिनेशनही इमानेइतबारे रिकामं करतो. उलट बाजूला बॅकअपची डिस्क जोडलेली नसेल तर सगळा माल सिस्टिमच्या डिस्कवर जाऊन ती भरते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन्ही जागांवर ‘माउंटपॉइंट’ची (तिथे खरंच डिस्क माउंट आहे का हे सांगणाऱ्या कमांडची) तपासणी हवी, नापास झाली की तिथेच बाहेर.

एक्झिट कोडही समजून घ्यावेत, म्हणजे काम संपताना कमांड देते तो आकडा; शून्य असेल तर सगळं ठीक. २४ म्हणजे कॉपी चालू असताना काही फायली नाहीशा झाल्या. चालत्या मशीनवर हे होणारच. २३ म्हणजे काही फायली गेल्याच नाहीत. तो गिळू नये. ‘सेट ई’ (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारी ओळ) लावलेलं असेल तर २४ वरही स्क्रिप्ट मरते, म्हणून कोड व्हेरिएबलमध्ये पकडून निर्णय आपण घ्यावा. आउटपुट पाइपने ‘टी’कडे (ते पडद्यावर आणि फाइलमध्येही लिहिणाऱ्या कमांडकडे) दिलं आणि पाइपमधली चूक पुढे कळवणारं ‘पाइपफेल’ लावलं नाही, तर हाती येतो तो टीचा शून्य.

प्रत आधी ‘अपूर्ण’ अशा नावाच्या फोल्डरात घ्यावी, नीट झाल्यावरच तारखेचं नाव द्यावं आणि मग ‘लेटेस्ट’ सिमलिंक (ताज्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) हलवावी. लिंक बनवणाऱ्या ‘एलएन’ला ‘एन’ पर्याय विसरलात तर नवी लिंक जुन्या फोल्डरच्या पोटात तयार होते. दोन फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून ‘एफलॉक’. क्रॉनटॅबच्या (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या वेळापत्रकाच्या) ओळीत टक्क्याचं चिन्ह बॅकस्लॅशशिवाय लिहिलं तर कमांड तिथेच तुटते. तारखेच्या कमांडीत हे चिन्ह लागतं, म्हणून तारीख स्क्रिप्टच्या आतच काढलेली बरी.

चालू डेटाबेसच्या फायली अशा उचलू नयेत, त्या अर्ध्या-मुर्ध्या येतात. आधी डंप (डेटाबेसच्याच अवजाराने काढलेली सुसंगत प्रत) काढावा आणि तो कॉपी करावा.

रिस्टोअरमध्ये आरसिंकला तोड नाही, कारण बॅकअप म्हणजे साधं फोल्डर. एक फाइल हवी असेल तर ‘सीपी’ ही साधी कॉपीची कमांड पुरे. पूर्ण परत आणताना ‘डिलीट’ काढून टाकावं, आणि ज्यांच्यावर जुनी प्रत चढणार आहे त्या फायली ‘बॅकअप-डिर’ने बाजूला ठेवाव्यात, नाहीतर आज सकाळचं काम कालच्या प्रतीखाली जाईल. लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या सिस्टिमवरून) करत असाल तर ‘न्यूमेरिक-आयडीज’ द्यावं. नाहीतर मालकी नावावरून जुळवली जाते आणि भलत्याच युजर क्रमांकावर बसते.

एन्क्रिप्शन आणि तुकड्यांच्या पातळीवरचं डुप्लिकेट काढणं इथे मिळणार नाही. परक्या सर्व्हरवर ठेवायचं असेल तर रेस्टिक किंवा बोर्ग हे बॅकअपचे प्रोग्राम घ्या. स्वतःच्या डिस्कवर आरसिंकच ठेवा, आणि महिन्यातून एकदा रिकाम्या फोल्डरात रिस्टोअर करून ‘चेकसम’ (फायलींचा मजकूरच ताडणारा पर्याय) लावून ड्राय-रनने बॅकअपशी ताडून बघा.